भोकाच्या पैशापासून नव्या पैशापर्यंत : युद्धानंतरच्या दशकातील स्वस्ताई कशी वाचावी

ज्यांच्या घरात जुन्या नाण्यांचा डबा जपून ठेवलेला आहे, त्यांनी त्यात भोकाचा पैसा पाहिला असेल. १९४३ ते १९४७ या काळात पाडलेल्या या नाण्याच्या मधोमध मोठे गोल भोक असे आणि ते शोभेसाठी नव्हते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, बाजारात चिल्लर मिळेनाशी झाली होती, म्हणून नाण्याच्या पोटातला धातू काढून घेऊन तेवढ्याच धातूत अधिक नाणी पाडण्यात आली. त्याआधी १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले गेले होते आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचाच झाला. भोक पडले तरी पैसा पैसाच राहिला आणि चांदी गेली तरी रुपया रुपयाच राहिला. युद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या दशकात सामान्य माणसाच्या खिशाचे नेमके काय झाले हे समजून घेण्यासाठी या नाण्यापासून सुरुवात करणे मला योग्य वाटते.

१९४७ ते १९५७ या दशकाविषयी घरातील वडीलधारी माणसे बोलू लागली की बोलणे बहुतेकदा किमतींवर येते. तोळाभर सोने शंभर रुपयांच्या आसपास, पोस्टकार्ड नऊ पैला, चाळीतल्या खोलीचे भाडे मोजक्या रुपयांत, असे आकडे ऐकले की ऐकणाऱ्याला तो काळ फार सुखाचा वाटू लागतो. हे आकडे खोटे नाहीत. मात्र ते एका मोठ्या व्यवस्थेतून सुटे होऊन आपल्यापर्यंत आलेले तुकडे आहेत. ती व्यवस्था युद्धाच्या गरजेतून जन्माला आली, युद्ध संपल्यावरही काही बाबतींत दहा वर्षे आणि काही बाबतींत पन्नास वर्षे टिकली, आणि तिच्यात एखादी वस्तू कोणाला व किती मिळणार हे किमतीपेक्षा कार्डावर, रांगेवर आणि ओळखीपाळखीवर अधिक ठरत असे. ही व्यवस्था कशी चालत होती ते मुंबई आणि आजच्या महाराष्ट्राच्या संदर्भात येथे पाहू.

प्रथम सोन्याचा साधा हिशेब करू. १९५०-५१ च्या सुमारास देशाचे दरडोई उत्पन्न, त्या वेळच्या सरकारी अंदाजाप्रमाणे, वर्षाला अडीचशे ते पावणेतीनशे रुपये होते, म्हणजे महिन्याला साधारण २२ रुपये. शंभर रुपयांचे तोळाभर सोने घ्यायचे, तर अशा सरासरी माणसाला साडेचार महिन्यांची सगळी कमाई, त्यातील एक पैही खर्च न करता, बाजूला ठेवावी लागली असती. मुंबईच्या कापड गिरणीतील कामगार या सरासरीपेक्षा बऱ्या स्थितीत होता. औद्योगिक न्यायालयाने १९४७ मध्ये त्याचे किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या कामासाठी ३० रुपये ठरवून दिले होते आणि त्यावर महागाई भत्ता मिळत असे.

हा महागाई भत्ता नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण त्या काळातील लोक स्वतःच्या काळाकडे कसे पाहत होते हे त्यातून कळते. मुंबईतील कामगार कुटुंबाच्या ठरावीक गरजा, म्हणजे धान्य, कापड, सरपण, भाडे वगैरे, यांची यादी करून त्यांच्या किमती दर महिन्याला तपासल्या जात आणि १९३३-३४ च्या किमतींना १०० धरून निर्देशांक काढला जाई. तो जितका चढेल त्या प्रमाणात भत्ता वाढे. अशी सोय गरजेची झाली, कारण किमती खरोखरच तशा चढल्या होत्या. ऑगस्ट १९३९ मधील घाऊक किमतींना १०० मानले, तर नोव्हेंबर १९४७ मध्ये तो आकडा ३०० च्या वर गेला होता, म्हणजे आठ वर्षांत किमती तिप्पट झाल्या होत्या. आपण ज्या दशकाला स्वस्ताईचे दशक म्हणतो, त्यात राहणारी माणसे स्वतःला महागाईने गांजलेली समजत होती, आणि ती युद्धापूर्वीच्या स्वस्ताईच्या आठवणी काढत होती.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जातो. आज आपण मराठी मुलूख म्हणतो त्या सगळ्या भागात तेव्हा एक चलनसुद्धा नव्हते. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तिथे निजामाचा हाली सिक्का चालत असे आणि भारत सरकारच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. विलीनीकरणानंतर सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर ठरला आणि हाली सिक्का हळूहळू व्यवहारातून काढून घेण्यात आला. गोव्यात पोर्तुगीज रुपिया होता, त्याचे सोळा टांगा होत, आणि १९५८-५९ मध्ये त्याच्या जागी एस्कुदो आला. त्यामुळे ‘त्या काळी अमुक वस्तू अमुक रुपयांना मिळे’ असे कोणी सांगितले, तर तो रुपया कोणता आणि ते गाव कोणते हे आधी विचारावे लागते.

आता धान्याकडे वळू. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई शहर आणि कोकण या दोन्हींना तांदूळ कमी पडणार होता, सैन्यासाठी धान्याची खरेदी वाढली होती, रेल्वेच्या वाघिणी युद्धसामग्रीत अडकल्या होत्या आणि भाव वाढणार या अपेक्षेने साठे दडवले जात होते. १९४३ मध्ये बंगालमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात लाखो माणसे मेली. मुंबईत २ मे १९४३ रोजी रेशनिंग सुरू झाले आणि असे करणारे हे देशातील पहिले मोठे शहर होते. बंगालमध्ये जे घडले ते मुंबईत घडले नाही, याचे मोठे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते. रांगा, खडे आणि किडके धान्य यांच्या कितीही आठवणी सांगितल्या जात असल्या, तरी हे श्रेय विसरू नये असे मला मनापासून वाटते.

रेशनिंगची रचना कागदावर सोपी होती. कुटुंबप्रमुखाने घरातील माणसांची नोंद करायची, प्रौढ माणसाचे एक युनिट आणि लहान मुलाचे त्याहून कमी, आणि त्याप्रमाणे कार्ड मिळायचे. प्रत्येक कार्ड एका ठरावीक दुकानाला जोडलेले असे. आठवड्याचे धान्य, साखर आणि घासलेट तिथेच घ्यायचे आणि कार्डावर नोंद करून घ्यायची. तत्त्वतः प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य द्यायचे होते. १९४६ मध्ये हे प्रमाण १२ औंसांवर आले. १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम, म्हणजे साध्या आकाराच्या चार-पाच भाकऱ्या, आणि त्या सकाळ-संध्याकाळ मिळून. आज आपण भाकरी कमी खातो, कारण ताटात डाळ, भाजी, दूध, फळे असे बरेच काही असते. त्या वेळी गिरणीत आठ तास उभे राहणाऱ्या किंवा गोदीत पोती वाहणाऱ्या माणसाचे पोट जवळजवळ सगळे धान्यावरच भरत असे. ३४० ग्रॅम धान्यातून बाराशे उष्मांकही मिळत नाहीत आणि अंगमेहनतीला त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. उरलेली भूक कशी भागवायची हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवला. कोणाच्या गावाहून तांदळाचे गाठोडे येई, कोणी रताळी आणि सुरण यांवर भागवी, आणि ज्याला परवडेल तो काळ्या बाजारात जाई.

युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी हे सगळे चालूच का राहिले, असा प्रश्न पडतो. एक कारण फाळणीचे होते. पश्चिम पंजाब आणि सिंधमधील कालव्यांखालची गव्हाची जमीन पाकिस्तानात गेली, तर खाणारी तोंडे मोठ्या प्रमाणावर इकडे राहिली आणि आली. दुसरे कारण अधिक शिकवणारे आहे. नियंत्रणामुळेच साठेबाजी आणि लाचखोरी वाढते, असे मत गांधीजींनी आग्रहाने मांडले आणि डिसेंबर १९४७ पासून सरकारने धान्यावरील नियंत्रणे उठवायला सुरुवात केली. पुढील आठ महिन्यांत घाऊक किमतींचा निर्देशांक सुमारे तीस टक्क्यांनी चढला. मालच कमी असताना भाव मोकळा सोडला, तर ज्याच्याजवळ पैसे आहेत तो आधी आपली कोठी भरून घेतो, ज्याच्याजवळ माल आहे तो आणखी वाढीची वाट पाहत बसतो आणि रोजच्या मजुरीवर रोजचे धान्य घेणारा मागे पडतो. १९४८ च्या शरदात नियंत्रणे पुन्हा लावावी लागली. गांधीजींचे निदान पूर्ण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण नियंत्रणातील भ्रष्टाचार खराच होता; पण त्या वर्षी धान्य पुरेसे नव्हते आणि कमी धान्य वाटण्याचा भाव हा एकच मार्ग ठेवला की गरिबाच्या वाट्याला काय येते हे त्या आठ महिन्यांत दिसून आले.

या काळात ग्रामीण महाराष्ट्रात रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ हे नाव पडले आणि कंट्रोलचे धान्य, कंट्रोलचे कापड, कंट्रोलची साखर असे शब्दप्रयोग बोलीत रुजले. अनेक गावांत आजही ‘कंट्रोलात जाऊन ये’ असेच म्हणतात. सरकारी भाषेत मात्र शिधापत्रिका हा शब्द आला, आणि तो चांगला शब्द आहे. शिधा म्हणजे कोरडे धान्य, ब्राह्मणाला किंवा वाटसरूला रांधून खाण्यासाठी दिले जाणारे सामान. दानाच्या व्यवहारातील हा शब्द हक्काच्या व्यवहारात आला. या कार्डावर कुटुंबातील माणसांची नावे आणि पत्ता असल्यामुळे ते पुढे राहण्याचा पुरावा म्हणून इतके महत्त्वाचे झाले की ज्यांनी कित्येक वर्षांत रेशनचा दाणा आणला नाही, तीही कुटुंबे कार्ड कपाटात जपून ठेवू लागली.

रेशनने स्वयंपाकघर बदलले. तोपर्यंत देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी अशी सर्वसाधारण विभागणी होती, आणि गहू हे पुष्कळ घरांत पुरणपोळीचे, म्हणजे सणाचे धान्य होते. रेशनच्या दुकानात मात्र जे येईल ते घ्यायचे असे. तांदळाचा वाटा कमी आणि गव्हाचा अधिक, असे वारंवार होई. १९५१ मध्ये देशातील पीक फार वाईट गेले, तेव्हा अमेरिकेने १९ कोटी डॉलरच्या कर्जाऊ रकमेतून सुमारे २० लाख टन धान्य देण्याचा कायदा केला, आणि ऑगस्ट १९५६ मध्ये पी. एल. ४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कार्यक्रमाखालील पहिला करार झाला. बोटीतून येणारे हे धान्य मुख्यतः गहू होते. भातावर वाढलेल्या कोकणातील बाईला मुंबईतल्या खोलीत रोज कणीक मळायची वेळ आली. शहरी मराठी घरात पोळी रोजची झाली, याला जे अनेक धागे कारणीभूत आहेत त्यांत हा एक मोठा धागा आहे असे मी मानतो. केवळ सुबत्ता वाढली म्हणून पोळी आली, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

अन्नमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी त्या टंचाईत लोकांना आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने ‘अन्नपूर्णा’ या नावाची उपाहारगृहे निघाली, जिथे तांदूळ आणि गहू टाळून केलेले पदार्थ मिळत. लग्नाच्या जेवणावळींवरही बंधने होती. ठरावीक संख्येपेक्षा जास्त पाहुण्यांना धान्याचे पदार्थ वाढणे हा गुन्हा होता. त्यामुळे वऱ्हाडी मंडळींचे छोटे जेवण आणि बाकीच्यांना पानसुपारी, सरबत किंवा आइसक्रीम अशी पद्धत शहरांतून दिसू लागली. जुन्या लग्नपत्रिकांत ‘पानसुपारीस अवश्य यावे’ असे जे छापलेले आढळते, त्यामागे परंपरा आहेच, पण त्या वर्षांतील पत्रिकेत त्यामागे कायद्याचाही हात असू शकतो.

या स्वस्त धान्याची किंमत कोणी मोजली हे मात्र फारसे बोलले जात नाही. सरकारला शहरात कमी भावाने धान्य द्यायचे होते, म्हणजे ते कुठूनतरी कमी भावाने घ्यावे लागणार होते. त्यासाठी लेव्ही होती. जमिनीचे क्षेत्र आणि पिकाचा अंदाज पाहून शेतकऱ्याने किती धान्य सरकारी भावाने घालायचे हे ठरवले जाई. पिकाचा हा अंदाज आणेवारीने काढत, म्हणजे पूर्ण पीक आले तर सोळा आणे आणि निम्मे आले तर आठ आणे. आणेवारी दोन आण्यांनी जास्त लागली की शेतकऱ्याच्या घरातील धान्य तेवढे कमी होई. गिरणगावातील कामगार आणि त्याचा गावाकडचा भाऊ एकाच कुटुंबातले असत. एकाला रेशनवर जे स्वस्त मिळत होते, त्यातील काही भाग दुसऱ्याच्या कणगीतून गेलेला असे, आणि मग शहरातला भाऊ दर महिन्याला मनीऑर्डर पाठवून गावाच्या घराला हातभार लावी.

१९५२ मध्ये रफी अहमद किदवई अन्नमंत्री झाले. पुढची दोन वर्षे पावसाने साथ दिली, सरकारच्या हातात साठा आला आणि त्यांनी एकेक प्रांत, एकेक धान्य मोकळे करत १९५४ पर्यंत रेशनिंग संपवले. १९४८ मध्ये जे फसले ते १९५४ मध्ये साधले, कारण या वेळी कोठारात धान्य होते. नंतर साठच्या दशकात टंचाई परत आली आणि कार्डेही परत आली, पण तो या दशकाच्या पलीकडचा विषय आहे.

दुधाची कथा थोडक्यात सांगता येते. मुंबईतील म्हशींचे गोठे भर वस्तीत होते. ते बाहेर नेण्यासाठी दारा खुरोदी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून कमी स्निग्धांशाचे, कमी किमतीचे टोन्ड दूध तयार करण्याची कल्पनाही खुरोदींचीच. हे दूध काचेच्या बाटल्यांतून केंद्रावर मिळे आणि त्यासाठीही कार्ड लागे. पहाटे रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन केंद्रावर रांग लावणे हे मुंबईतील एका संपूर्ण पिढीच्या मुलांचे ठरलेले काम होते.

घरभाड्याचा विषय मात्र अधिक थांबून पाहण्यासारखा आहे, कारण धान्याचे नियंत्रण दहा-अकरा वर्षांत उठले, पण भाड्याचे नियंत्रण आज सत्तरहून अधिक वर्षांनंतरही मुंबईच्या इमारतींच्या भिंतींवर दिसते. १९४१ च्या जनगणनेत मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, १९५१ मध्ये ती २३ लाखांच्या वर गेली. युद्धकाळात गिरण्या आणि कारखाने रात्रंदिवस चालू लागले म्हणून गावोगावचे लोक आले आणि फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले. कल्याणजवळ युद्धासाठी उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांची सोय केली गेली आणि त्याच वसाहतीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. याच काळात सिमेंट आणि पोलाद युद्धाकडे गेलेले असल्यामुळे नवी बांधकामे जवळपास थांबलेली होती. माणसे निम्म्याहून जास्त वाढली आणि खोल्या जवळजवळ तेवढ्याच राहिल्या, तर भाडे कुठे गेले असते याची कल्पना करता येते.

सरकारने म्हणून भाडे गोठवले. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये अमलात आला. त्याचे मुख्य तत्त्व असे की १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, त्याहून अधिक घेता येणार नाही, आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला ठरावीक कारणांखेरीज काढता येणार नाही. हा कायदा तात्पुरता होता. त्याला मुदत होती, पण ती संपत आली की वाढवली जाई, आणि असे करत तो २००० सालापर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असे नोंदवले की १९४० चे भाडे इतकी वर्षे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. त्यानंतर नवा कायदा आला.

एका बाजूने पाहिले, तर या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर वाचवले. शहरात आलेल्या कामगाराला, कारकुनाला, विधवेला उद्या मालक बाहेर काढील ही भीती उरली नाही, आणि चाळीतील जे शेजारपण आपण इतक्या प्रेमाने आठवतो, ते माणसे एकाच खोलीत तीस-चाळीस वर्षे राहू शकली म्हणूनच घडले. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ज्याच्याजवळ १९४८ मध्ये खोली होती त्याला संरक्षण मिळाले आणि ज्याच्याजवळ नव्हती त्याच्यासाठी दार बंद झाले. खोली सोडणाऱ्याला तिची खरी किंमत माहीत होती, मालकालाही माहीत होती, पण भाड्याच्या पावतीवर ती लिहिता येत नव्हती. म्हणून ती पागडी होऊन टेबलाखालून दिली जाऊ लागली. नवा भाडेकरू रोख रक्कम देई, तिचा काही भाग मालक घेई, काही जुना भाडेकरू, आणि मग महिन्याचे भाडे मात्र कायद्याप्रमाणे अगदी थोडे. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता. तरीही सगळे शहर तिच्यावर चालत होते. तेव्हा चाळीतील खोलीचे भाडे मोजक्या रुपयांत होते हे खरे, पण नव्याने खोली शोधणाऱ्याला त्या भाड्यापर्यंत पोहोचण्याआधी गाठीची पुंजी किंवा बायकोच्या बांगड्या द्याव्या लागत.

भाडे तेवढेच राहिले, मात्र गवंड्याची मजुरी, लाकूड, चुना आणि पालिकेचा कर वाढत गेले, तेव्हा मालकाने डागडुजी बंद केली. गळणारी छते, टेकू दिलेले सज्जे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या इमारती यांचे मूळ सगळे या कायद्यात नाही, पण पुष्कळसे आहे.

खोली म्हणजे किती जागा, हेही लक्षात घ्यावे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत २०७ इमारती होत्या आणि त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फूट होते. एवढ्या जागेत मोरी, चूल, देव्हारा, ट्रंका आणि पाच-सात माणसे. गावाकडून आलेले पुतणे-भाचे त्यात आणखी सामावले जात. पुरुष आणि मोठी मुले गॅलरीत किंवा पदपथावर झोपत, आणि पाळीनुसार एक जण कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा पडे. नळाचे पाणी ठरावीक वेळी येई आणि संडास मजल्याला सामायिक. भाड्याचा आकडा सांगताना या जागेचा आकडाही शेजारी ठेवला, तर एका माणसाच्या वाट्याला पंचवीस-तीस चौरस फूट येत होते असे दिसते.

दशकाच्या शेवटी एका दिवशी दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १ एप्रिल १९५७ हा मुंबई राज्यात कूळ कायद्यानुसार ‘कृषक दिन’ ठरला होता. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मालक मानण्याची ती तारीख होती. त्याच दिवशी देशभर नवा पैसा आला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, हा हिशेब जाऊन रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

कागदावर हा बदल फार सोपा होता, दुकानात मात्र तसा नव्हता, कारण १०० ला १६ ने भागले की सव्वासहा येतात आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. सरकारने तक्ता दिला : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५. एक आण्याचा चहा दोघांनी वेगवेगळा घेतला तर १२ पैसे आणि तिघांनी घेतला तर १८, पण तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर १९. चहावाल्याने ६ घेतले तर पाव पैसा त्याचा जाई, ७ घेतले तर पाऊण पैसा गिऱ्हाइकाचा जाई. नऊ पैचे पोस्टकार्ड नव्या हिशेबाने ४.६९ पैशांचे व्हायला हवे होते, ते ५ पैशांचे झाले. एका कार्डामागे हा फरक नगण्य, पण भाजीची जुडी, बिडीचे बंडल, आगपेटी असे दिवसाचे दहा व्यवहार आण्या-दोन आण्यांत करणाऱ्या माणसाला तो जाणवला, आणि हा जाच श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक होता, कारण श्रीमंताचे व्यवहार रुपयांत होत.

चवली, पावली आणि अधेली ही दोन, चार आणि आठ आण्यांच्या नाण्यांची नावे यानंतर हळूहळू मागे पडली. शाळेतूनही काही गेले. जुन्या शाळेत मुले नुसते पाढे पाठ करत नसत, तर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, हेही पाठ करत. आज हे ओझे वाटते, पण आणे-पै, शेर-पायली आणि हात-गज यांच्या जगात पाव, अर्धा आणि पाऊण यांचाच हिशेब क्षणोक्षणी लागे. पावशेर तेल, अच्छेर साखर, नवटाक चहा यांचे पैसे तोंडाने सांगणारा वाणी याच पाढ्यांवर तयार झालेला असे. ऑक्टोबर १९५८ पासून वजनेही टप्प्याटप्प्याने बदलली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम होता, त्याच्या जागी किलो आला, आणि काही वर्षांत हे पाढे अभ्यासक्रमातून निघून गेले.

दशमान पद्धती आली हे चांगलेच झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला फसवणे तिने कठीण केले आणि मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र यांच्या वेगवेगळ्या मापांना एका पट्टीवर आणले. १ जून १९६४ रोजी ‘नवा’ हा शब्दही गळाला आणि नवा पैसा नुसता पैसा झाला. आणेवारीची पुढे पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत आलेले गाव पुढे कित्येक वर्षे दुष्काळाच्या यादीत धरले जाई. आणे-पै सर्वांत जास्त काळ टिकून राहिले ते मात्र जमिनीच्या कागदांत. तलाठ्याच्या जुन्या दप्तरात भावांचे हिस्से त्याच हिशेबाने लिहिलेले आढळतात. तीन भाऊ असले की प्रत्येकाच्या नावापुढे पाच आणे चार पै असे असते, म्हणजे १९२ पैकी ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. तोच हिस्सा पैशांत लिहायला घेतला, तर प्रत्येकाचे ३३.३३ होतात आणि तिघांची बेरीज ९९.९९ भरते.